सेंद्रिय कापसाचा पुरवठादार ब्लॉकचेनवरून निवडणं: एका पूर्ण हंगामानंतर

खोटा हिशेब पकडायला ही साखळी उत्तम, चांगला जिनर (कापसातून सरकी वेगळी करून रुई काढणारा) शोधून द्यायला बेताची. रचना अशी: हायपरलेजर फॅब्रिक या ब्लॉकचेन प्रणालीवरचं खासगी जाळं, त्यावर शेतकरी गट, जिनिंग आणि सूतगिरणी. त्या नोंदींवरून पुढच्या हंगामाचे पुरवठादार ठरवायचे.

सगळ्यात उपयोगी पडली ती साधी वजाबाकी. १०० क्विंटल कापूस आत गेला आणि उतारा (कापसातून निघणारी रुई) ३४ टक्के धरला, तर ३४ क्विंटल रुई, म्हणजे १७० किलोच्या २० गाठी. उतारा ३६ पर्यंत ताणला तरी २१. त्याच कापसावर २४ गाठी विकल्याची नोंद येताच चेनकोड (साखळीवर चालणारा नियमांचा प्रोग्रॅम) ती नाकारतो. भारतातल्या सेंद्रिय कापसात २०२० साली बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर २०,००० टन माल दाखवल्याचं गॉट्स या सेंद्रिय कापडाच्या मानक संस्थेनेच उघड केलं होतं, त्यामुळे ही गाळणी चैनीची नाही. दुसरी गाळणी सातबाऱ्याची: गाव, गट नंबर आणि पोटहिस्सा मिळून एकच चावी (नोंद ओळखण्याची खूण) ठेवा. नाव चावीत घेतलं की ‘ज्ञानेश्वर’ आणि ‘माउली’ असे एकाच शेताचे दोन शेतकरी दोन गटांत निघतात.

गाडी अडली ती ऐन डिसेंबरात. लॉटचं एकूण वजन एकाच चावीत साठवलेलं होतं. दोन काटापावत्या एकाच ब्लॉकमध्ये आल्या की पहिली मंजूर, दुसरी ‘एमव्हीसीसी रीड कॉन्फ्लिक्ट’ म्हणून (वाचलेला आकडा मधेच बदलला म्हणून) बाद. काट्यावरच्या माणसाला वाटतं नोंद झाली, आणि ट्रॉली निघूनही जाते. प्रत्येक पावतीला स्वतंत्र चावी द्या, बेरीज वाचताना करा. उत्तराची वाट न पाहता पावती छापणारं ॲप नकोच.

फॅब्रिक सीए (जाळ्यातल्या सदस्यांना डिजिटल ओळख देणारा भाग) देतो ती प्रमाणपत्रं मूळ सेटिंगमध्ये एक वर्षाची असतात. हंगामाच्या तोंडावर बसवलेलं जाळं पुढच्या हंगामाच्या तोंडावरच बंद पडतं. नूतनीकरण ऑगस्टातच उरका.

निवडीचं गणित टॉप्सिसने (अनेक निकषांवर गुण देऊन क्रम लावण्याची पद्धत) केलं तर एक खोड लक्षात ठेवा: स्वस्त भाव वाईट नोंदींची भरपाई करून टाकतो. म्हणून आधी अटी (प्रमाणपत्र चालू, वजनाचा मेळ, बीटी म्हणजे जनुकीय बदल केलेला कापूस नसल्याची चाचणी) आणि त्यातून तरलेल्यांनाच गुण. भाव खासगी डेटा संग्रहात ठेवला, बाकीच्यांकडे फक्त हॅश (मूळ मजकूर न दाखवणारा त्याचा डिजिटल ठसा) गेला, तेव्हा कुठे जिनर नोंदी द्यायला राजी झाले.

साखळीला बीटी कापूस ओळखता येत नाही. नमुना आयएसओ आयडब्ल्यूए ३२ या जनुकीय बदल तपासण्याच्या पद्धतीप्रमाणे तपासायला जातो आणि अहवालाचा हॅश लॉटला जोडला जातो. पण नमुना जिनरच्याच माणसाने, त्याच्याच पसंतीच्या गाठीतून काढला असेल तर अहवाल स्वच्छच येणार. गाठींचे क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढा आणि नमुना तिसऱ्याच माणसाकडून घ्या. काट्याचा आकडाही हाताने भरू देऊ नका, थेट काट्याच्या इंडिकेटरवरून (वजन दाखवणाऱ्या यंत्रावरून) केबलने घ्या. त्या केबलचा खर्च सर्व्हरच्या मानाने किरकोळ आहे, तरी वाद तिच्यावरच जास्त झाले.