लेसर सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर: नऊ महिने वापरल्यावर

सॉफ्टवेअरचं नाव लिहीत नाहीये. मागे एकदा एका पॉवर सप्लायबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या तर डीलरने थेट आमच्या सरांना फोन लावला की तुमच्या मॅडम काय काय लिहितात म्हणून. या लाइनमधल्या लोकांना बाकीच्या वर्णनावरून कळेलच.

आम्ही रबाळे एमआयडीसीत, छोटंसं युनिट आहे, मार्किंग मशीनचे लेसर हेड बनवतो, आधी फक्त १०६४ नॅनोमीटरचे (डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड) आणि आता हिरवे ५३२ चे पण. याआधी सगळा कारभार एक्सेल आणि काका यांच्यावर चालायचा. काका म्हणजे आमचे बेंचवाले, कळव्याहून येतात, आरसा हाताने फिरवून लेसर चालू करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नाही. पण हिरव्या हेडमधे क्रिस्टल, ओव्हन, लेन्स सगळंच महाग, चुकून एक जळालं की सर दोन दिवस बोलत नाहीत, म्हणून आधी कॉम्प्युटरवर करून बघायला हे सॉफ्टवेअर घेतलं. रेझोनेटर (आरशांमधली जागा, जिथे लेसर तयार होतो) आणि थर्मलचा एक मॉड्यूल, बीम आणि लेन्सचा एक, आणि एफडीटीडीचा (प्रकाशाची लाट बारीक जाळीत पायरीपायरीने मोजायची पद्धत) एक जो खरं तर डीलरने गळ्यात मारला.

पहिले तीन दिवस ते चाललंच नाही. रन दाबलं की "इनपुट फाईल सापडत नाही", आणि फाईल तर समोर दिसतेय! सपोर्टवाल्यांनी लॉग मागवला, स्क्रीनशॉट मागवले, रिइन्स्टॉल करायला लावलं, ॲंटिव्हायरस बंद करायला लावला. शेवटी संध्याकाळी ठाण्याच्या गाडीत उभी असताना डोक्यात आलं की मी फोल्डरचं नाव "हिरवा हेड" असं मराठीत ठेवलंय. वरची स्क्रीन ते नाव नीट दाखवते पण आत हिशोब करणारा जो सॉल्व्हर चालतो त्याला देवनागरी पाथ वाचता येत नाही. सकाळी सी ड्राइव्हवर इंग्रजी नावाचा फोल्डर केला आणि पहिल्या झटक्यात चाललं. ज्यांचं विंडोजचं युजरनेमच मराठीत आहे त्यांना तर टेम्प फोल्डर पण बदलावा लागेल, कारण तोसुद्धा युजरच्या नावाखालीच असतो.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे लिहायला बसले. आम्हाला एक साधी बीके-७ काचेची लेन्स हवी होती, १०० मिलिमीटर फोकसची, जिच्यातून हिरवा आणि उरलेला इन्फ्रारेड दोन्ही जाणार होते. लायब्ररीत जो ग्लास होता त्याच्यात १०६४ चा आकडा नव्हता म्हणून मी नवीन मटेरियल बनवून सेलमायरचे कोएफिशियंट (काच कुठल्या रंगाला किती वाकवते ते काढायच्या सूत्रातले आकडे) स्वतः टाकले, काच बनवणाऱ्यांच्या डेटाशीटवरून, एकेक आकडा बोट ठेवून तपासला. मग १०६४ ला इंडेक्स (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स, म्हणजे अपवर्तनांक) बघितला, १.५०७१ आला. खरा १.५०६६ असतो. म्हटलं चौथ्या घरात फरक आहे, राउंडिंग असेल, सोडून दिलं. इथेच माती खाल्ली.

सॉफ्टवेअर म्हणत होतं की दोन्ही रंगांचा फोकस जवळजवळ एकाच जागी पडेल. काकांनी बेंचवर एटीएमच्या जुन्या स्लिपा लावून फोकस शोधला (तो थर्मल कागद असतो, पटकन काळा होतो), आधी फिल्टर लावून एक रंग, मग दुसरा. मला बोलावलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा कॉम्प्युटर एक जागा सांगतो, माझी स्लिप दोन जागा सांगते. अडीच मिलिमीटर." मी म्हटलं काका, स्टेज सरकला असेल. त्यांनी परत करून दाखवलं. परत अडीच.

दोन दिवस मी मेश, रे काउंट, लेन्सची जाडी, सगळं उलटसुलट केलं. शेवटी ५३२ चा इंडेक्स काढला तेव्हा डोळे उघडले. सॉफ्टवेअर १.५०७३ दाखवत होतं, खरा १.५१९५ आहे. म्हणजे माझ्या काचेत रंगानुसार इंडेक्स बदलतच नव्हता! कारण काय, तर सेलमायरचं सूत्र दोन पद्धतीने लिहितात. एकात खाली लॅम्डा (म्हणजे वेव्हलेंथ) वर्ग वजा सी असतं आणि दुसऱ्यात लॅम्डा वर्ग वजा सी वर्ग. डेटाशीटमधले सी हे आधीच मायक्रोमीटर वर्गात दिलेले, पहिला ०.००६ च्या आसपास. आणि हे सॉफ्टवेअर सी घेऊन त्याचा पुन्हा वर्ग करतं. मग तो इतका बारीक होतो की असून नसल्यासारखा. १०६४ ला फरक दिसत नाही, हिरव्याला मात्र पार घोळ. खऱ्या आकड्यांनी हिशोब केला तर इन्फ्रारेडचा फोकस १०२ ला आणि हिरव्याचा ९९.५ ला, बरोब्बर काकांचे अडीच मिलिमीटर.

यात सॉफ्टवेअरची चूक आहे का? मॅन्युअलमधे सूत्र दिलंय, पण शेवटच्या अपेंडिक्समधे. ज्या खिडकीत आकडे टाकायचे तिथे नुसतं बी१, सी१ लिहिलंय, एकक पण नाही. माझ्या मते ही त्यांचीच चूक. रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स डॉट इन्फो ही फुकट साइट आहे, तिच्यावर तर या दोन्ही प्रकारांना वेगवेगळे फॉर्म्युला नंबर दिलेत, पैसे घेणाऱ्यांना एवढं जमू नये? तेव्हापासून माझा नियम असा की नवीन मटेरियल टाकलं की कमीत कमी दोन वेव्हलेंथला इंडेक्स तपासायचा, आणि त्या एकमेकांपासून लांबच्या घ्यायच्या.

थर्मलचा मॉड्यूल मात्र चांगला आहे, खरंच चांगला, फक्त त्याचे डिफॉल्ट इथल्या हवेचे नाहीत. क्रिस्टलच्या सगळ्या बाजू २० डिग्रीला घट्ट धरल्यात असं तो समजून चालतो. आमचं व्हॅनेडेट क्रिस्टल (१०६४ चा लेसर ज्यातून निघतो ते) तांब्याच्या माउंटमधे इंडियमच्या पत्र्यात गुंडाळलेलं, थंड होतात त्या चार बाजू, दोन्ही टोकं हवेत उघडी. ८०८ नॅनोमीटरच्या डायोडने पंप करून (म्हणजे त्याचा प्रकाश क्रिस्टलमधे सोडून) १०६४ काढायचं म्हणजे शोषलेल्यातले निदान २४ टक्के उष्णता होऊन आतच राहतात, आणि ती उष्णता टोकाच्या तोंडाशीच सगळ्यात जास्त. सॉफ्टवेअर म्हणालं ३४ वॅट पंपपर्यंत कॅव्हिटी (म्हणजे तोच रेझोनेटर) स्टेबल, बेंचवर २४ लाच पॉवर ढासळली. टोकं हवेत ठेवली, ॲडव्हान्स्डमधे लपवलेलं कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स (क्रिस्टल आणि माउंटच्या सांध्यात उष्णता अडते ते) भरलं, पाण्याचं तापमान खरं टाकलं, तेव्हा २५-२६ ला आलं. एवढं जुळलं तर मी खूश.

पाण्याचं तापमान हा नवी मुंबईतला वेगळाच विषय आहे. पावसाळ्यात बाहेरचा दवबिंदू २५ च्या आसपास असतो, एसी चालू आहे तोवर ठीक, लाईट गेली आणि शटर उघडलं की थोड्याच वेळात २० डिग्रीच्या माउंटवर दव. म्हणून आम्ही चिलर २८ ला ठेवतो. मग डायोड पण गरम, आणि डायोड डिग्रीमागे साधारण ०.३ नॅनोमीटर सरकतो, म्हणजे २५ ला ८०८ देणारा २८ ला जवळजवळ ८०९ देणार. सॉफ्टवेअर पंप म्हणजे एकच रेघ धरतं, बरोबर ८०८.०. खऱ्या डायोडची रुंदी दोन-तीन नॅनोमीटर असते. स्पेक्ट्रम फाईल देता येते, ती द्याच, नाहीतर ॲब्सॉर्प्शन फार छान दिसतं आणि बेंचवर तेवढं मिळत नाही.

एफडीटीडी मी जेमतेम चार वेळा वापरलं. एका ग्राहकाला चांदीच्या पातळ थरावर बारीक पॅटर्न करायचा होता. चांदीच्या एन (इंडेक्स) आणि के (शोषण) ची टेबल इंपोर्ट केली, रन केलं, तर ट्रान्समिशन आणि रिफ्लेक्शनची बेरीज १.०७. शंभर पैसे टाकले आणि एकशे सात परत आले, असा धंदा असता तर सरांनी लेसर सोडून तोच केला असता. के चं चिन्ह उलटं होतं, काही लोक एन अधिक आय के लिहितात, काही वजा, आणि उलटं पडलं की प्रकाश शोषणारी चांदी प्रकाश वाढवायला लागते. बरं, चिन्ह सुधारल्यावर पण एकदा सिम्युलेशन फुगत फुगत फुटलं, ते टेबलमधल्या आकड्यांवर बसवलेला फिट (त्यांना जुळणारं सूत्र) खराब होता म्हणून. ३०० ते २००० नॅनोमीटर फिट करण्याऐवजी ९०० ते १२०० एवढंच दिलं तेव्हा शांत झालं. आणि मेशची (जाळीची) घरं अर्ध्या मापाची करताना विचार करा, मेमरी आठपट आणि वेळ सोळापट. माझा तीन तासांचा रन दोन दिवसांवर गेला, त्यात दुसऱ्या रात्री विंडोजने अपडेट घेऊन मशीन रिस्टार्ट केलं. तेव्हा जे तोंडातून निघालं ते इथे लिहीत नाही.

सगळ्यात जास्त राग एलबीओचा. हे क्रिस्टल १०६४ वरून ५३२ काढायला साधारण १५० डिग्रीला गरम करून वापरलं की नॉन-क्रिटिकल होतं, कोनाची झंझट कमी, म्हणून तर आम्ही ओव्हन घेतला. आणि यांच्या लायब्ररीत एलबीओ आहे फक्त खोलीच्या तापमानाचं! ओव्हनचं तापमान कितीही टाका, इंडेक्स हलत नाही, आणि तसं सांगणारी एक साधी वॉर्निंग पण नाही. त्यासाठी मी एसएनएलओ नावाचं क्रिस्टलच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर वापरते, फुकट आहे, दिसायला जुनाट, पण तापमान टाकलं की उत्तर बदलतं. सपोर्टला तक्रारीचं टिकीट टाकून पाच महिने झाले, दर महिन्याला "डेव्हलपमेंट टीमकडे पाठवलंय" एवढंच येतं.

पुढच्या महिन्यात रिन्यूअल आहे. सरांना सांगितलंय की रेझोनेटर-थर्मल आणि लेन्सचा मॉड्यूल ठेवूया, एफडीटीडी काढून टाकूया, वर्षातून चार वेळा लागणाऱ्या गोष्टीला मीप नावाचं एफडीटीडी सॉफ्टवेअर आहे, एमआयटीतून आलेलं, फुकट, फक्त लिनक्स आणि थोडं पायथन यायला हवं. डीलर म्हणतोय तिन्ही एकत्र घेतले तरच डिस्काउंट. सर अजून कॅल्क्युलेटर घेऊन बसलेत.