एकच कॉइल की चारचा सेट? जुन्या पेट्रोल गाडीचा हिशेब

चढावर अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी आचके देते, सिग्नलला उभी असताना थरथरते आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकतो. गॅरेजमध्ये नेली की बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो, "कॉइल गेलीय, जुनी गाडी आहे, चारही टाकून घ्या." कॉइल म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवून स्पार्क प्लगला ठिणगीसाठी देणारा भाग. आता एक ओरिजिनल कॉइल घ्यायची, की जवळपास तेवढ्याच पैशांत मिळणारा लोकल सेट? माझं मत आधीच सांगतो: बहुतेकांनी एक ओरिजिनल कॉइल आणि सगळे नवे प्लग घ्यावेत. पण खराबी कॉइलचीच आहे, हे आधी पक्कं करा.

प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असेल, तर ते घरी करता येतं. 2010 नंतरच्या एक लिटर इंजिनच्या वॅगनआरमध्ये अशा तीन कॉइल असतात, चार सिलिंडरच्या पेट्रोल स्विफ्टमध्ये चार. गाडीतले बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी 0302 आला म्हणजे दोन नंबरचा सिलिंडर मिस होतोय, म्हणजे त्यात पेट्रोल नीट पेटत नाहीये, एवढंच कळतं. कॉइल, प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन, यातलं कारण काहीही असू शकतं. गाडी बंद करून, इंजिन थंड झाल्यावर दोन नंबरची कॉइल तीनवर आणि तीनची दोनवर लावा, कोड पुसा आणि एक फेरी मारून या. आता पी 0303 आला तर कॉइलच दोषी. कोड जागेवरच राहिला तर प्लगची तशीच अदलाबदल करून बघा. चालू इंजिनवर कॉइल उपसून बघायची जुनी सवय मात्र सोडा. तिथे वीस-तीस हजार व्होल्ट असतात.

कॉइल काढताना दहाच्या पान्याने बोल्ट सुटतो, पण आधी कनेक्टरची कडी जपा. दहा-बारा वर्षं इंजिनची उष्णता खाल्लेलं प्लास्टिक बिस्किटासारखं तुटतं. कॉइल थोडी फिरवून सरळ वर ओढा आणि उजेडात नीट बघा. आमच्या 2014 च्या गाडीत कॉइलच्या खालच्या, प्लगवर बसणाऱ्या रबरी बुटावर केसाएवढी काळी रेघ होती, वरून खालपर्यंत. स्पार्क तिथूनच बाजूच्या धातूत पळत होता. प्लगच्या खड्ड्यात तेलही साचलं होतं. टॅपेट कव्हरचं, म्हणजे इंजिनच्या वरच्या झाकणाचं, पॅकिंग गेलं की तेल तिथे उतरतं आणि रबर फुगतं. ते न बदलता चारही कॉइल नव्या टाकल्या, तरी काही महिन्यांत पुन्हा तोच खेळ.

सीएनजीवाल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. गॅसमध्ये ठिणगी पडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कमजोर कॉइल आधी सीएनजीवर मिस मारते आणि पेट्रोलवर गुमान चालते. अशा वेळी लगेच सीएनजी किटला दोष देऊ नका, आधी कॉइल आणि प्लग तपासा.

आता दोन्ही पर्याय समोरासमोर ठेवू. लोकल सेटचं आकर्षण मला समजतं: सगळं नवं, एकदाच मजुरी. पण कॉइलच्या आतली बारीक तार आणि तिच्याभोवतीचं इन्सुलेशन डोळ्यांना दिसत नाही आणि स्वस्त मालात काटकसर नेमकी तिथेच होते. शिवाय चांगल्या चालणाऱ्या तीन कॉइल काढून त्या जागी भरवसा नसलेल्या बसवायच्या, हे मला पटत नाही. ओरिजिनल एकच घेतली, तर उरलेल्यांपैकी एखादी पुढे जाऊ शकते, हे खरं. पण प्लगवरची कॉइल बदलायला अर्धा तास पुरतो. गेली की तेव्हा बदलू.

प्लग मात्र सगळे एकदम बदला. झिजलेल्या प्लगची गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, वाढते, ती ओलांडायला कॉइलला जास्त जोर लावावा लागतो आणि नवी कॉइलही लवकर थकते. साधे निकेलचे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरला बदलायचेच असतात, इरिडियमचे जास्त टिकतात.

अख्खा सेट कुणी घ्यावा? वर्षभरात दोन कॉइल गेल्या असतील, गाडी सीएनजीवर दिवसभर भाड्याने धावत असेल, किंवा काही मोठ्या इंजिनांसारखं इनटेक मॅनिफोल्ड (इंजिनात हवा नेणारे पाइप) उतरवल्याशिवाय कॉइलपर्यंत हात पोहोचत नसेल, तर सेट घ्या. पण तोही ओरिजिनल, किंवा वाहन कंपन्यांना माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या मेकचाच. काढलेल्यांतल्या चांगल्या कॉइल टाकून देऊ नका, डिकीत ठेवा.

दोन्हींपैकी काहीही ठरवा, पण दिवा लुकलुकत असताना "रविवारी बघू" म्हणत गाडी पळवू नका. न जळालेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो तापून वितळतो. त्याच्या किमतीत कॉइलचे कितीतरी सेट येतील. काम झालं की कोड पुसा आणि ज्या चढावर गाडी आचके देत होती त्याच चढावर न्या, सीएनजी असेल तर सीएनजीवरच.