काकांची जुनी यामाहा आरएक्स १०० घरीच दुरुस्त करून चालू केली, नऊ महिने चालवल्यानंतरचा खरा अनुभव

गाडी १९९३ ची, एमएच ०९ पासिंग, काकांनी नवी घेतलेली. काका चाकणला कामाला गेले आणि गाडी आमच्या कागलच्या घरामागं शेडमध्ये पडली ती बारा वर्षं, वर कडब्याच्या पेंढ्या. पप्पांचं एकच, भंगारवाल्याला घाल. पण डिप्लोमाची परीक्षा संपलेली, हात शिवशिवत होते, म्हटलं बघू तर उघडून. चालू होऊन आता नऊ महिने आणि साडेचार हजार किलोमीटर झाले म्हणून लिहितोय, कारण गाडी चालू झाली की फोटो टाकणारे लई असतात पण सहा महिन्यांनी ती कुठं उभी असते ते कोण सांगत नाही.

पहिल्यांदा सरळ सांगतो, चालवायला नाद खुळा आहे. ९८ सीसी, ११ हॉर्सपॉवर, ऐकायला काहीच नाही, पण वजन जेमतेम शंभर किलो आणि रेस दिली की लगेच उचलते. निपाणीच्या पुढं तवंदी घाटात तिसऱ्यावर जी ओढते ना, मित्राच्या नव्या १२५ ला दोनदा मागं टाकलंय. ॲव्हरेज ३५-३८, वर पेट्रोलबरोबर जळणाऱ्या टू-टी ऑइलचा खर्च वेगळा. ब्रेक दोन्ही ड्रम, ते आहेत असं म्हणायचं फक्त. रात्री हेडलाइटच्या भरवशावर हायवेला जाऊ नका.

आता मुद्द्याचं, म्हणजे धूर. गाडी चालू झाली तेव्हा मागं एवढा पांढरा धूर की शेजारच्या आजींनी खिडक्या लावून घेतल्या. ज्याला विचारलं तो म्हणाला पिस्टनच्या रिंगा गेल्यात, बोअर मार, म्हणजे सिलिंडर आतनं कापून थोडा मोठा कर आणि त्या मापाचा नवा पिस्टन घाल. काकांना फोन केला तर म्हणाले, "अरे टू स्ट्रोक आहे, धूर असणारच." मी पण शहाणा, हेड खोललं, सिलिंडर घेतला आणि कोल्हापुरात उद्यमनगरला लेथवर जाऊन ०.५० मिलिमीटरचा बोअर मारून आणला, नवा पिस्टन किट टाकला. लेथवाल्या मामांनी माप घेताना विचारलं होतं, "हा तर स्टँडर्ड, कंपनीच्या मापाचाच आहे की, झीज पण फार नाही, मारायचाच का?" मारायचाच म्हटलं मी. पाचशे किलोमीटर रनिंग-इन केलं, चाळीसच्या वर नेली नाही, आणि धूर? जसाच्या तसा!

मग डोकं चालवलं. फोर स्ट्रोकमध्ये रिंगा गेल्या की ऑइल वर येतं आणि धूर होतो, ती अक्कल मी इथं लावली होती. टू स्ट्रोकमध्ये ऑइल तर तसंही पेट्रोलबरोबर जळतच असतं, रिंगा झिजल्या की कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, पडतं, किक हलकी लागते, ओढ कमी होते. एवढा धूर यायचा तर जास्तीचं तेल दुसरीकडून कुठनं तरी आत येत असणार. गिअर ऑइल मापून भरलं होतं ते काढून परत मापलं तर चांगलंच कमी, आणि खाली जमिनीवर थेंब नाही. क्लचच्या बाजूचा क्रँकचा ऑइल सील, म्हणजे गिअर ऑइल अडवणारी रबरी रिंग, गेलेला, पिस्टन वर जाताना त्याच्या खालच्या क्रँककेसमध्ये जी ओढ तयार होते त्यानं गिअर ऑइल आत खेचलं जायचं आणि जळायचं. धुराचा वास पण वेगळा होता, उग्र, पण मला तेव्हा कळायचं कुठनं.

शे-दीडशेचा सील! आणि मी चांगला सिलिंडर दोन पायऱ्या कापून बसलो. पिस्टन ०.२५ च्या टप्प्यानं एक मिलिमीटरपर्यंतच मिळतात, म्हणजे सिलिंडरचं अर्धं आयुष्य मी फुकट लेथवर घालवलं. ही गाडी १९९६ लाच बंद झालीय, तसला ओरिजिनल सिलिंडर आता शोधून मिळत नाही आणि मिळाला तर किंमत ऐकून बसायला होतं. म्हणून भावांनो, धूर दिसला की आधी गिअर ऑइल मापा, मग लेथकडं बघा.

सीलसाठी इंजिन पूर्ण उघडावं लागलं. साईड कव्हरचे स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरनं काढायला जाऊ नका, डोकी गोल होतात, माझी तीन झाली. हातोड्यानं मारायचा इम्पॅक्ट स्क्रूड्रायव्हर घ्या, पहिला खर्च तोच करा. क्रँकच्या टोकाचं मॅग्नेट ओढून काढायला पुलर पाहिजेच, टोले मारायचे नाहीत. आणि पिस्टन पिनचं लॉक काढताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. मी कोंबलं नाही, लॉक टुणकन आत, मग जुन्या स्पीकरचं चुंबक दोऱ्याला बांधून अर्धा तास मासेमारी. पिस्टन आणि क्रँकला जोडणारा कॉनरॉड ढिला झाला होता तो पण तेव्हाच करून घेतला, दोन्ही सील आणि बेअरिंगं नवीन.

त्यानंतर धूर फक्त सकाळी गार असताना, तेवढा ठीक.

नऊ महिन्यांत त्रास दिला तो सगळा रबरानं. कार्ब्युरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर मी स्वस्तातलं घेतलं होतं, तीन महिन्यांत तडा गेला, तिथनं हवा ओढायला लागली आणि मूठ सोडली तरी रेस खाली यायला मागेना. असं झालं तर तशीच पळवू नका, मिश्रण पातळ होऊन पिस्टन जाम होतो. पेट्रोल पाईप कडक झाला, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची नीडल नीट बसेना म्हणून रात्रभरात पेट्रोल खाली. आताच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि जुनी रबरं त्यासाठी बनलेलीच नाहीत. इथेनॉल पाणी पण धरतं, गाडी उभी ठेवायची असेल तर कॉक बंद करून कार्ब्युरेटर रिकामा करा. पॅकिंगवर ओरिजिनल लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नका, मला फसवलेला तसला डबा अजून शेडमध्ये ठेवलाय, आठवण म्हणून.

क्रोम आणि सीट कव्हरवर घातलेले पैसे मला आता टोचतात. पावसाळ्यात सायलेन्सरवर परत डाग आले. कागदपत्रं मात्र सगळ्यात आधी बघा, १५ वर्षांनंतर आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू लागते, माझी गाडी तयार होऊन दोन महिने नुसती कागदांसाठी उभी होती.

गणपतीला काका आले. किल्ली घेतली, काही न बोलता गेले ते तासाभरानं परत, चेहरा वीस वर्षांनी लहान झालेला. मला वाटलं आता पाठ थोपटणार. गाडी स्टँडला लावली आणि म्हणाले, "गिअर ऑइल बघत जा रे, माझ्या वेळी पण ही प्यायची, महिन्याला थोडं टाकावं लागायचं."

फोनवर का नाही सांगितलं विचारलं तर म्हणे, "तू कुठं विचारलंस? तू धुराचं विचारलंस."