खडे बाजारातलं जुनं घड्याळ दुरुस्तीचं दुकान: चावीचं घड्याळ द्यायचं तर इथे

'सर्व्हिसिंग' म्हणून झाकण उघडायचं, तेलाचा थेंब सोडायचा आणि काच पुसून घड्याळ परत द्यायचं, असं करणारे बेळगावात पुष्कळ. नवं तेल जुन्या काळ्या चिकट्यात मिसळतं आणि काही महिन्यांत घड्याळ पुन्हा मागे पडू लागतं. या दुकानात तसं चालत नाही. एचएमटीचं जनता घड्याळ असो की वेस्ट एंड कंपनीचं जुनं, मशीन पूर्ण सुटं होतं.

आधी क्लिक (स्प्रिंग उलटी सुटू न देणारा खटका) दाबून स्प्रिंगचा ताण हळूहळू उतरवतात. ताण असताना पॅलेट (चाकांना ठोक्याठोक्याला अडवणारा भाग) काढला तर चाकं सुसाट फिरतात, पिव्हट (आसाची बारीक टोकं) मोडतात. मग सगळे भाग धुतात आणि ज्वेलच्या (ही टोकं ज्यात फिरतात त्या खड्यांच्या) भोकांत टोकदार लाकडी काडी फिरवतात. टोक काळं निघालं की तासायचं, पुन्हा फिरवायचं, काडी पांढरी निघेपर्यंत. कामाची खरी किंमत याच काडीची आहे. तेल मोजकंच: चाकांना पातळ, चावीच्या भागांना ग्रीस, पॅलेटच्या पिव्हटना काहीच नाही. तिथे तेल पडलं की पॅलेट जड होतो आणि बॅलन्सचा (मागेपुढे झुलणाऱ्या चाकाचा) झोका आखडतो.

जनताचं 17 ज्वेलचं मशीन तासाला 18,000 ठोके देतं, म्हणजे सेकंदाला 5. घड्याळ नेताना टाइमग्राफरवर (चाल आणि झोका मोजणाऱ्या यंत्रावर) आडवं आणि उभं, दोन्ही बघून घ्या. आडव्यात झोका 250 अंशांच्या वर हवा. उभ्यात थोडा उतरणारच. घड्याळ अचानक दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळू लागलं, तर बहुधा हेअरस्प्रिंगची (बॅलन्सवरच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगची) वेटोळी चुंबकत्वाने चिकटलेली असतात. इथे आधी होकायंत्र जवळ धरून सुई हलते का बघतात, उगाच मशीन उघडत नाहीत. हे फार आवडलं.

एचएमटीने 1961 मध्ये बेंगळुरूत सिटिझनच्या सहकार्याने घड्याळं सुरू केली. आता कारखानाच बंद, त्यामुळे सुटे भाग जुन्या घड्याळांतूनच काढावे लागतात. म्हणून पंधरा-वीस दिवस थांबावं लागतं, आणि घ्यायला कधी यायचं ते नक्की सांगत नाहीत, एवढीच तक्रार. बदलून काढलेला जुना भाग परत मागा. डायल रंगवून देत नाहीत. आग्रहही धरू नका, मूळ छपाई गेली की घड्याळाची किंमत गेली.

खानापूर-जांबोटीकडच्यांनी पावसात जनता घालू नये. काचेत आतून वाफ धरली तर चावी देऊ नका, उन्हातही ठेवू नका. त्याच दिवशी उघडायला न्या. स्प्रिंगला गंज चढायला दोन-तीन दिवस पुरतात.