मीटिंग रूमच्या नावाखाली आम्हाला कसं गंडवलं

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या आमच्या फौंड्रीला (धातू वितळवून साच्यात ओतायचा कारखाना) ‘ऑनलाइन मीटिंग रूम करून देतो’ म्हणून एका माणसाने पावणेपाच लाखांना गंडवलं. तक्रार दिलेली आहे, त्यामुळे त्याचं किंवा त्याच्या फर्मचं नाव लिहीत नाही. त्याची पद्धत मात्र सगळी लिहिते. आमच्यानंतर गोकुळ शिरगावच्या एका कारखान्यात आणि राजारामपुरीतल्या एका क्लासमध्ये जवळपास तेच कोटेशन गेल्याचं कळलंय, म्हणून हे लिहिण्याची घाई.

मी फौंड्रीचं ऑफिस आणि गिऱ्हाइकांशी होणारा पत्रव्यवहार बघते. आमचा माल पुण्याजवळच्या चाकणला जातो, थोडा जर्मनीला. कास्टिंगमध्ये, म्हणजे साच्यातून निघालेल्या ओतीव भागात, ब्लो होल (हवा अडकून राहिलेलं भोक) निघाला, माल रिजेक्ट झाला की पूर्वी काका गाडी काढून पुण्याला जायचे. जाऊन-येऊन साडेचारशे किलोमीटर, त्यात हायवेचं काम. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तर शिरोलीजवळ हायवेच पाण्याखाली गेला होता, माल आणि माणसं दोन्ही अडकली. आता गिऱ्हाईकच म्हणतं की व्हिडिओवर दाखवा, तिथल्या तिथे ठरवू. म्हणजे आमच्यासाठी मीटिंग रूम ही काही शोभेची गोष्ट नव्हती. कास्टिंगवरचं दोन मिलिमीटरचं भोक पलीकडच्या माणसाला स्पष्ट दिसलं पाहिजे आणि आमचा सुपरवायझर काय सांगतोय ते त्याला नीट ऐकू गेलं पाहिजे, एवढीच गरज.

हा माणूस काकांच्या पाहुण्यांकडून आला. त्यांच्या कारखान्यात त्याने सीसीटीव्हीचं काम केलं होतं. बोलायला गोड. “काका, तुम्ही फक्त खुर्चीत बसा. जर्मनीचा माणूस तुमच्यासमोर बसल्यागत दिसंल, नाय दिसला तर पैसे देऊ नका.” कोटेशनमध्ये लिहिलं होतं: फोर-के फिरता कॅमेरा, बारापट ऑप्टिकल झूम, टेबलावर चार माइक, भिंतीवर दोन स्पीकर, शुद्ध तांब्याची कॅट-सिक्स नेटवर्क केबल, १०० एमबीपीएसची डेडिकेटेड लीज्ड लाइन, झूम ह्या मीटिंगच्या ॲपचं वर्षाचं लायसन्स, ३०० जणांचं. ८० टक्के आगाऊ, बाकीचे डेमो झाल्यावर.

डेमो झाला संध्याकाळी सातला. शिफ्ट बदलून गेलेली, कॉम्प्रेसर बंद, ऑफिसात शांतता. त्याचा लॅपटॉप, त्याचा मोबाइल, आणि पलीकडे बोलायला त्याचाच पोरगा, तोही आमच्याच इमारतीत, खालच्या केबिनमध्ये. स्पीड टेस्ट लावली, काटा ९६ वर गेला. पडद्यावर पोरगा लख्ख दिसला, आवाज खणखणीत. काकांनी त्याच बैठकीत उरलेला चेक दिला. शब्दाला जागणारे म्हणून काकांना एमआयडीसीत मान आहे, आणि त्याने नेमका त्याचाच फायदा घेतला.

ह्या सगळ्या डेमोत एक गोष्ट अशी आहे जी मला प्रत्येकाच्या डोक्यात बसवायची आहे. मीटिंग रूममधला दोष त्या रूममध्ये बसणाऱ्याला दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. तो पलीकडच्याला कळतो. आपल्या पडद्यावर आपल्याला पलीकडचं चित्र दिसतं, ते त्याच्या कॅमेऱ्याचं आणि त्याच्या लाइनचं. आपला कॅमेरा, आपला माइक, आपली अपलोडची लाइन कशी आहे हे फक्त समोरच्याला माहीत. घुमणाऱ्या आवाजाचंही तसंच. समोरच्याचा आवाज आपल्या स्पीकरमधून निघतो, आपल्याच माइकमध्ये शिरतो आणि थोड्या वेळाने त्यालाच परत ऐकू जातो. त्रास त्याला, आपल्याला पत्ता नाही. ह्या माणसाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याने पलीकडे स्वतःचा पोरगा बसवला आणि आम्हाला अलीकडे.

जर्मनीच्या गिऱ्हाइकाबरोबरची पहिलीच मीटिंग. आमच्या दुपारी दोनला, म्हणजे उन्हाळ्यात त्यांच्या सकाळी साडेदहाला. त्यांचा क्वालिटीचा माणूस दर दोन वाक्यांनी थांबायचा, कारण त्याला स्वतःचंच बोलणं परत ऐकू येत होतं. शेवटी त्याने सांगितलं, तुमचे माइक बंद करा आणि चॅटवर लिहा. मग कास्टिंग कॅमेऱ्यासमोर धरलं, झूम केलं, तर त्याला नुसते चौकोन दिसू लागले. मोबाइलवर फोटो काढून पाठवला तेव्हा त्याला भोक दिसलं. चाळीस हजारांच्या आसपास लावलेल्या कॅमेऱ्याचं काम शेवटी सुपरवायझरच्या फोनने केलं.

फोन केला तर उत्तर ठरलेलं: “ताई, तुमचं नेट स्लो असंल, रीस्टार्ट करा.” नंतर फोन उचलणंच बंद.

मग शाहूपुरीतला नेटवर्कचं काम करणारा एक मुलगा बोलावला. त्याने एकेक वस्तू आमच्यासमोर तपासली.

कॅमेरा आधी. त्याने समोरच्या भिंतीवर बारीक अक्षरांचा कागद चिकटवला आणि रिमोटने झूम करत नेला. ऑप्टिकल झूममध्ये आतली भिंगं सरकतात, जवळ नेलं तरी अक्षर रेखीव राहतं. आमच्याकडे भिंग जागचं हललंच नाही. चित्र नुसतं ताणलं जात होतं, अक्षरं फाटत होती. लॅपटॉपच्या कॅमेरा ॲपमध्ये रिझोल्यूशनची यादी उघडली, त्यात फोर-के नव्हतंच, सगळ्यात वरचं त्याहून कमी स्पष्ट असं १०८०पी होतं. खोक्यावर मात्र सोनेरी अक्षरांत फोर-के छापलेलं.

मग केबल. कॅमेरा मधूनच बंद पडून पुन्हा चालू व्हायचा, विशेषतः फिरवताना. त्याला वीजही त्याच नेटवर्क केबलमधून जात होती. त्या मुलाने उरलेल्या तुकड्याचं आवरण सोललं, एक तार बोटावर धरून ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरी चमक. आमचा भट्टीवरचा माणूस शेजारी उभा होता, त्याने तार वाकवून बघितली आणि म्हणाला, “हे तांबं न्हवं, अल्युमिनियम हाय.” तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार. ॲल्युमिनियमची वीज वाहण्याची क्षमता तांब्याच्या साधारण ६० टक्के. लांब अंतरावर, त्यातही केबलमधूनच वीज न्यायची असेल तर विजेचा दाब कमी होतो, तार तापते. नेटवर्क केबलिंगच्या मानकांत असली तार बसतच नाही, तरी केबलच्या आवरणावर ‘कॅट ६’ ठसठशीत छापलेलं असतं. केबलचं बंडल हातात घेतलं तरी ते हलकं लागतं. एवढं तर कुणीही करून बघू शकतं.

लाइनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण इथे लोक सगळ्यात जास्त फसतात. डेमोच्या वेळी त्याने जी स्पीड टेस्ट दाखवली ती त्या इंटरनेटवाल्याच्याच जवळच्या सर्व्हरवर घेतलेली होती. म्हणजे आकडा आमच्या ऑफिसापासून त्यांच्या इथल्या यंत्रापर्यंतचा, पुढे मुंबई किंवा जर्मनीपर्यंतचा नाही. शाहूपुरीच्या मुलाने दुपारी तीनला, सगळे कामात असताना, मुंबईचा आणि फ्रँकफर्टचा सर्व्हर निवडून टेस्ट घेतली. डाउनलोड बरा होता. अपलोड चार-पाच एमबीपीएसच्या आसपास घुटमळत होता आणि मधेच एकवर यायचा. झूमच्याच माहितीनुसार १०८०पीच्या गटमीटिंगला अपलोड ३.८ आणि डाउनलोड ३ एमबीपीएस लागतो. म्हणजे १०० चा आकडा ऐकून भुलायचं कारणच नाही. लागतं ते थोडंच, पण ते अखंड आणि अपलोड-डाउनलोड दोन्हीकडे लागतं. आवाजाला तर १०० केबीपीएससुद्धा पुष्कळ होतात. तरीही आवाज तुटतो तो वेगाअभावी नव्हे. आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो ती डेटाची पाकिटं वाटेत गळतात किंवा कमी-जास्त उशिराने पोहोचतात म्हणून तुटतो. एका बाजूने जाणारा आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पोहोचावा अशी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस आहे. त्यापलीकडे गेलं की दोघं एकदम बोलायला लागतात आणि दोघंही थांबतात.

आणि लीज्ड लाइन तर नव्हतीच. लीज्ड लाइन म्हणजे अपलोड-डाउनलोड सारखं, ती क्षमता दुसऱ्या कुणाबरोबर वाटली जात नाही, स्थिर आयपी (इंटरनेटवरचा न बदलणारा पत्ता) मिळतो आणि लाइन बंद पडली तर किती तासांत दुरुस्त करायची ते करारात लिहिलेलं असतं. आमच्याकडे करारच नव्हता. चौकशी केली तेव्हा कळलं, ते साधं घरगुती ब्रॉडबँड होतं आणि कनेक्शन त्या माणसाच्या स्वतःच्या नावावर. महिन्याला काही शे रुपयांचं कनेक्शन आम्हाला लीज्ड लाइनच्या भावाने वर्षभराचं विकलं होतं. त्याने बिल भरणं थांबवलं असतं तर आमची लाइन तोडली गेली असती आणि कंपनीने आम्हाला ओळखही दाखवली नसती.

आता लायसन्स. पैशांपेक्षा मला ह्याचा संताप जास्त आहे. एका मीटिंगमध्ये सगळं अचानक बंद पडलं. त्याच खात्यावरून दुसऱ्या कुणीतरी मीटिंग सुरू केली होती. खातं उघडून बघितलं तर ईमेल आमचा नव्हता, फर्मचाही नव्हता, कुठल्या तरी भलत्याच नावाचा. एकच सशुल्क खातं त्याने कितीतरी ठिकाणी वाटलं होतं. क्लाउड रेकॉर्डिंगचं पान उघडलं तेव्हा माझे हातपाय गार पडले. त्यात आमच्या मीटिंगा होत्या, गिऱ्हाइकाच्या ड्रॉइंगसकट, ज्यांच्यासाठी आम्ही गोपनीयतेच्या करारावर सह्या केल्या आहेत. आणि त्यांच्या शेजारी अनोळखी लोकांची रेकॉर्डिंगं होती. एका क्लासचे तास. एका दवाखान्यातलं, पेशंट डॉक्टरांशी बोलतोय असं. मी ते नाव बघूनच बंद केलं. पण आम्हाला ते दिसत होतं म्हणजे त्यांनाही आमचं दिसत होतं. ज्या माणसाने हे केलं त्याने नुसते पैसे खाल्ले नाहीत, दहा घरांच्या किल्ल्या एकाच खिळ्याला टांगून ठेवल्या.

आम्ही जर्मनीच्या गिऱ्हाइकाला त्याच दिवशी लिहून कळवलं. आपली रेकॉर्डिंगं उतरवून घेतली, तिथली काढून टाकली आणि त्या खात्यातून बाहेर पडलो. ज्या क्लासचं नाव ओळखता आलं त्यांना जाऊन सांगितलं.

बिलाचीही एक गोष्ट. बिलावर १८ टक्के जीएसटी लावलेला होता आणि २७ ने (महाराष्ट्राच्या कोडने) सुरू होणारा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांकही. आमच्या सीएंनी विचारलं, ही रक्कम आपल्या जीएसटीआर-२बी मध्ये (विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या आपल्या खरेदीच्या विवरणात) का येत नाही? जीएसटीच्या पोर्टलवर क्रमांक टाकून बघितला तर नोंदणी रद्द झालेली, आमच्या बिलाच्या तारखेच्या आधीच. म्हणजे कर म्हणून घेतलेले पैसेही खिशात. पोर्टलवर क्रमांक तपासायला लॉगिन लागत नाही, कोटेशन हातात आल्याआल्या बघता येतं.

तक्रारीच्या बाबतीत एक अडचण आधीच सांगते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात व्यापारी कारणासाठी घेतलेली वस्तू सहसा बसत नाही, त्यामुळे कारखान्यांना ग्राहक आयोगाचा रस्ता सोपा नाही. घरासाठी किंवा पोट भरण्यापुरत्या स्वतःच्या छोट्या धंद्यासाठी कुणी फसलं असेल तर मात्र १९१५ ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर जरूर फोन करा. आम्ही वकिलांची नोटीस पाठवली आणि पोलिसांत फसवणुकीची तक्रार दिली, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली. कोटेशन, बिल, चेकचे तपशील, व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं आणि सोललेल्या केबलचे फोटो जोडले. नोटीस गेल्यावर पाहुण्यांमार्फत “मिटवून घ्या” असा निरोप आला. काकांनी नाही सांगितलं.

खोली आम्ही नंतर नीट करून घेतली आणि खर्च त्याच्या निम्म्याहूनही कमी आला. चार माइक आणि दोन स्पीकर काढून टेबलाच्या मधोमध इको कमी करणारा एक चांगला स्पीकरफोन ठेवला. काचेच्या पार्टिशनला जाड पडदा, टाइल्सवर सतरंजी, कारण उघड्या काचेवर आणि फरशीवर आवाज आपटून घुमतो. कॅमेरा खऱ्या ऑप्टिकल झूमचा, लाइन आमच्या कंपनीच्या नावावर करार करून, लॅपटॉपला वायफायऐवजी वायर, आणि झूमचं खातं आमच्या स्वतःच्या ईमेलवर. डेमो दुपारी घेतला, कॉम्प्रेसर चालू असताना. मी पुण्यात चुलतभावाच्या घरी बसले, काका इथे, आणि कास्टिंगवरचं भोक मला तिकडे दिसलं तेव्हाच शेवटचे पैसे सुटले. नव्या माणसाने ह्या अटीला एका शब्दानेही हरकत घेतली नाही.

तुमच्या ऑफिसातली मीटिंग जर कुणीतरी ‘करून दिलेल्या’ लॉगिनवर चालत असेल तर आजच त्या खात्याचं प्रोफाइल उघडून ईमेल कुणाचा आहे ते बघा आणि रेकॉर्डिंगचं पान उघडा. वर लिहिल्यासारखंच कोटेशन तुमच्याकडे आलं असेल, किंवा काम होऊन गेलं असेल, तर बिल आणि मेसेज पुसू नका. आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि आपल्या औद्योगिक वसाहतीच्या असोसिएशनला एक प्रत द्या. आमची तिथे दिलेली आहे.