वजिराबादेतला सालीचा चिलगोजा

नांदेडला वजिराबादेत सुकामेव्याची दुकानं बरीच, पण सालीसकट चिलगोजा, म्हणजे पाइन झाडाचं बी, मला एका जुन्या दुकानातच मिळाला. भाव ऐकून धसका बसतो. मालकांनी मात्र आधी दाणे फोडून खायला दिले, मगच वजन केलं. दाणा लांबट, तपकिरी, साल पातळ; टोक दाताखाली दाबलं की चिरते. आतला गर पांढुरका, तुपकट, मागून डिंकाचा हलका वास. सोललेला घेऊ नका, बरणीतला खवट लागला. तेलाचा दाणा, उघडा राहिला की बिघडतोच.

भाव उगाच नाही. हे पाइन हिमाचलातल्या किन्नौर आणि अफगाणिस्तानच्या कोरड्या डोंगरउतारांवरचं. बी ज्यात धरतं ते शंकू पिकायला दुसरं वर्ष उजाडतं. बी जड, वाऱ्यावर उडत नाही, पाखरांवर नि खारींवर भिस्त. अमेरिकेतला क्लार्क्स नटक्रॅकर हा पक्षी पाइनच्या बिया जिभेखालच्या पिशवीत भरून नेतो, हिवाळ्यासाठी हजारोंनी जमिनीत पुरतो. न खाल्लेल्यांतून रोपं उगवतात. त्याचे भाऊबंद हिमालयातही आहेत. सगळे शंकू माणसानंच उतरवले तर पाखरांनी काय खावं, नि नवं झाड कुठून यावं? आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेने चिलगोजा पाइनला 'संकटसमीप' ठरवलंय.

म्हणून मी मालकांना म्हटलं, माल कुठला ते बरणीवर लिहीत जा. "लिहितो की ताई," म्हणाले. शंभर ग्रॅमच घ्या, फ्रिजात ठेवा, नि लाडवात घालू नका, नुसताच खावा.