ईएफ कोअरचं स्कॅफोल्डिंग: क्लास त्याचे, मेथड आपल्या

डेटाबेस आधीपासून चालू आहे आणि पन्नास-साठ टेबलांचे सी शार्प क्लास हाताने लिहायची इच्छा नाही, अशा वेळी मायक्रोसॉफ्टच्या एंटिटी फ्रेमवर्क कोअर (ईएफ कोअर) या सी शार्पला डेटाबेसशी जोडणाऱ्या लायब्ररीतलं स्कॅफोल्डिंग, म्हणजे टेबलांवरून क्लास आपोआप तयार करून देण्याची सोय, खरोखर उपयोगी पडतं. प्रोजेक्टमध्ये डिझाइन पॅकेज आणि आपल्या डेटाबेसचा प्रोव्हायडर (त्या डेटाबेसशी जोडणारं पॅकेज) टाकायचा, 'डॉटनेट ईएफ डीबीकॉन्टेक्स्ट स्कॅफोल्ड' ही कमांड द्यायची, की टेबलांचे क्लास आणि एक कॉन्टेक्स्ट, म्हणजे डेटाबेसशी व्यवहार करणारा क्लास, तयार. कनेक्शन स्ट्रिंग (डेटाबेसशी जोडणीचा तपशील) पासवर्डसकट कॉन्टेक्स्टमध्ये लिहिली जाऊ नये म्हणून 'नो-ऑनकॉन्फिगरिंग' हा पर्याय पहिल्याच वेळी द्यावा.

साधनाची खरी परीक्षा दुसऱ्यांदा कमांड देताना होते. टेबलात कॉलम वाढला की 'फोर्स' लावून क्लास पुन्हा काढावे लागतात, आणि तेव्हा त्याच नावाच्या जुन्या फाइलींच्या जागी सरसकट नव्या लिहिल्या जातात. त्या फाइलीत लिहिलेली आपली मेथड न विचारता जाते. म्हणून तयार झालेल्या फाइलीला हात लावायचाच नाही. सगळे क्लास 'पार्शल', म्हणजे अनेक फाइलींत विभागता येणारे, म्हणून निघतात ते याचसाठी. आपण दुसरी फाइल करायची, त्याच नावाचा पार्शल क्लास लिहायचा आणि मेथड तिथे ठेवायची. कंपायलर दोन्ही भाग एकत्र करतो. ही सोय भाषेत 2005 पासून आहे आणि इथे ती अगदी चपखल बसते.

दोन अटी मात्र कडक आहेत: नेमस्पेस (क्लासांच्या नावांचा गट) तीच हवी आणि असेंब्लीही (प्रोजेक्ट कंपाइल होऊन बनणारी फाइल) तीच. आपली फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये केली की एडिटर फोल्डरच्या नावावरून नेमस्पेस बदलतो. मग दोन भाग जुळत नाहीत, एकाच नावाचे दोन वेगळे क्लास होतात, आणि समोर असलेली प्रॉपर्टी सापडत नसल्याची तक्रार कंपायलर करतो. नेमस्पेसची ओळ तपासली की बहुतेक वेळा उलगडा होतो. क्लास दुसऱ्या प्रोजेक्टात असतील तर पार्शल चालणारच नाही. तिथे एक्स्टेन्शन मेथड, म्हणजे क्लासच्या बाहेर लिहून त्याच्यावरच बोलावता येणारी मेथड, लिहावी.

नॉर्थविंड या नमुना डेटाबेसवर ऑर्डरची एकूण रक्कम काढणारी मेथड लिहून पाहा, म्हणजे बाकीचे खाचखळगे दिसतील. दर 'मनी' प्रकारचा, म्हणून त्याचा डेसिमल होतो. सूट 'रिअल' प्रकारची, म्हणून तिचा फ्लोट. या दोघांचा गुणाकार सी शार्प करू देत नाही, सूट आधी डेसिमलमध्ये बदलावी लागते. ही चूक कंपायलर लगेच दाखवतो. पुढची दाखवत नाही: 'इन्क्लूड' (जोडलेल्या ओळीही आणायला सांगणारी मेथड) न लावता ऑर्डर आणली तर तपशिलाच्या ओळी येत नाहीत, पण तयार क्लासात ती यादी रिकामी करून ठेवलेली असते. त्यामुळे एरर न येता रक्कम शून्य येते आणि तीच बिलावर छापली जाते. या साधनासोबत काम करताना सगळ्यात जास्त सांभाळायची जागा हीच.

आपली प्रॉपर्टी फक्त वाचण्याची असेल तर ईएफ तिला कॉलम समजत नाही. 'सेट' दिला की मात्र ती टेबलात शोधली जाते आणि एसक्यूएल सर्व्हर कॉलमचं नाव चुकीचं असल्याचं सांगतो. अशा प्रॉपर्टीवर 'नॉटमॅप्ड' (हा कॉलम नाही अशी खूण) लावा.

उशीर झालेल्या ऑर्डर ओळखणारी मेथड क्वेरीच्या 'व्हेअर'मध्ये, म्हणजे ओळी गाळण्याच्या अटीत, घातली तर क्वेरी चालवताना एरर येतो, कारण मेथडच्या आतला कोड एसक्यूएलमध्ये उतरवता येत नाही. आवृत्ती 3.0 च्या आधी ईएफ सगळ्या ओळी मेमरीत ओढून गाळणी लावत असे. आता ते थांबवलं आहे, आणि ते योग्यच झालं. उपाय असा, की तीच अट पार्शल क्लासात स्टॅटिक एक्स्प्रेशन (ईएफला वाचून एसक्यूएलमध्ये उतरवता येणारी अट) म्हणून ठेवायची आणि 'व्हेअर'ला ती द्यायची. शेवटच्या 'सिलेक्ट'मध्ये साधी मेथड चालते.

कॉन्टेक्स्टसाठीची सोय विशेष आवडण्यासारखी आहे. क्लास आणि टेबलांची जुळणी ठरवणाऱ्या 'ऑनमॉडेलक्रिएटिंग' या मेथडच्या शेवटी 'ऑनमॉडेलक्रिएटिंगपार्शल' बोलावलेली असते. आपल्या फाइलीत तिचा कोड लिहिला की ग्लोबल क्वेरी फिल्टर (प्रत्येक क्वेरीला आपोआप लागणारी अट) किंवा एनमचं (ठरावीक नावांच्या यादीचं) रूपांतर तिथे सुरक्षित राहतं.

उणीव जाणवते ती तयार प्रॉपर्टीवर आपलं अॅट्रिब्यूट लावायचं असेल तेव्हा. पार्शल क्लासातून तीच प्रॉपर्टी पुन्हा लिहिता येत नाही. असे बदल सगळ्याच क्लासांत हवे असतील तर आवृत्ती 7 पासून मिळणारे टी4 टेम्प्लेट (कोड तयार करणारे साचे) घ्या: 'डॉटनेट न्यू ईएफ-टेम्प्लेट्स' दिलं की 'कोडटेम्प्लेट्स' फोल्डरात दोन फाइली येतात आणि पुढचं स्कॅफोल्डिंग त्यांच्यावरून होतं. एक-दोन मेथडसाठी इतका खटाटोप करू नये. त्याला पार्शल पुरतो.

टेबल काढून टाकलं तरी त्याची जुनी क्लास फाइल तशीच राहते, फोर्स लावूनही. ती आपणच काढायची, आणि तिच्या जोडीची पार्शल फाइलही.